दीड एकर फुटबॉल

आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल बाद पद्धतीने खेळतात. त्यामुळे आमच्या संघाचा हंगाम दुपारी तीनला सुरू झाला आणि साडेचारच्या सुमारास आटोपला. पैसे मात्र उरले. प्रवासखर्च फेरीगणिक मंजूर झाला होता आणि पुढच्या फेऱ्या आमच्या वाट्याला आल्याच नाहीत. मंजूर रक्कम मार्चच्या आत खर्ची पडली नाही तर पुढच्या वर्षी तेवढी कापली जाते, हा एकच नियम आमच्या महाविद्यालयात फुटबॉलच्या सगळ्या नियमांपेक्षा काटेकोर पाळला जातो. तेव्हा वेल्हे आणि भोर इथे दमसास वाढवण्याचं शिबिर भरवायचं ठरलं. मी मराठी शिकवतो. पण शनिवारी मला तास नसतात, म्हणून संघव्यवस्थापक मी.

कात्रजचा बोगदा, खेड शिवापूरचा टोलनाका, मग चेलाडी फाट्याला उजवीकडे. नसरापूरला बनेश्वर लागतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं हे देऊळ गर्द झाडीत आहे. आमचा कर्णधार तिथे डोळे मिटून इतका वेळ उभा राहिला, की मागची रांग खोळंबली. काय मागितलंस म्हणून विचारलं तर म्हणाला, “साखळी पद्धत.”

मार्गासनी, विंझर मागे पडलं तसे डोंगर दोन्हीकडून सरकत रस्त्यावर आले. वेल्हे तालुक्याला आता सरकारी कागदोपत्री राजगड तालुका म्हणतात. आमच्या ड्रायव्हरने कागदाप्रमाणे एका म्हाताऱ्याला विचारलं, “राजगड कुठं आलं?” त्याने बोट आभाळाकडे केलं. गावाचं नाव अजून वेल्हेच आहे, हे कळेस्तोवर आम्ही दुसऱ्याच गडाच्या वाटेला लागलो होतो.

पहाटे तोरणा. उंची १४०३ मीटर, वाट उभी, काही ठिकाणी लोखंडी कठड्याला धरूनच चढावं लागतं. मधली फळी अर्ध्या वाटेत आडवी झाली. तेवढ्यात डोक्यावर ताकाची कळशी घेतलेली एक आजी मागून आली, “पोरांनो, वाटंत बसू नगा,” म्हणून पुढे गेली आणि वर पोचलेल्या आमच्या तिघांना तिनेच ताक विकलं. शिवाजी महाराजांना तोरण्यावर धन सापडलं आणि ते राजगडाच्या बांधकामाला लागलं, असं सांगतात. आमच्या शिलकेतून बिनी दरवाजापाशी तीन पेले ताक झालं. त्याची पावती काही मिळाली नाही.

खरी अडचण खाली उतरल्यावर सुरू झाली. सरावाला मैदान हवं होतं. वेल्ह्यात ज्याला विचारावं तो म्हणे, “हाय की, समदं मैदानच हाय,” आणि हात करे तो डोंगराकडे. ज्यांच्या शेतात शेवटी जमलं ते एक आबा होते. जत्रेतल्या कबड्डीचे जुने पंच. शिट्टी सदऱ्याच्या खिशात कायमची. त्यांनी विचारलं, “केवढी जागा लागती?” आंतरराष्ट्रीय मैदान कमीत कमी शंभर मीटर लांब आणि चौसष्ट मीटर रुंद असतं, असं मी पुस्तकातून वाचून दाखवलं. आबांनी मनात गुंठे केले.

“दीड एकराच्या वर झालं की वो. येका चेंडूसाठी? आमच्यात तेवढ्यात तीन भाऊ नांदत्यात.”

कबड्डीचं मैदान तेरा मीटर बाय दहा मीटर. सव्वा-दीड गुंठा. देवळापुढच्या पटांगणात बसतं, खळ्यावर बसतं. या मुलखात सलग सपाट जमीन दिसली की तिच्यात भात लागतो. भात न लावता ती मोकळी ठेवणारा माणूस एकतर पुण्याचा असतो किंवा भावकीतल्या दाव्यात अडकलेला. मावळात फुटबॉल का रुजला नाही यावर संशोधन करायची गरज नाही. सातबारा पाहिला की झालं.

कापणी होऊन गेली होती म्हणून दोन खाचरं मिळाली. एक वर, एक खाली, मध्ये गुडघाभर बांध. तीच मध्यरेषा. खालच्या अंगाला गोल म्हणून दोन बांबू, वरच्या अंगाला एका बाजूला पेंढ्याची उडवी आणि दुसऱ्या बाजूला कुणाची तरी मोटारसायकल. धसकटं इतकी टोकदार की चेंडूपेक्षा आम्हालाच चेंडूची काळजी. समोर गावातली पोरं उभी राहिली, ती सातच. बाकीचे कुठे म्हणून विचारलं तर “बदली हायेत” म्हणाली. अकरा जण एकदम आत घेण्याची कल्पना त्यांना उधळपट्टीची वाटली.

ऑफसाइड मी आबांना अलंकार शिकवतो तसा शिकवला, उदाहरणासकट. ते शांतपणे म्हणाले, “पुढं जाऊन हुबा ऱ्हायला म्हणून गुन्हा? आमच्यात मागं ऱ्हायला तर गुन्हा.” तो विषय तिथेच संपला.

शिट्टी झाली. नाणेफेक जिंकून आम्ही वरचं खाचर घेतलं होतं. आमचा सात नंबर चेंडू घेऊन सुसाट निघाला आणि बांध ओलांडून खाली उतरला. त्याबरोबर समोरचे सातही जण हातात हात घालून कमानीसारखे पसरले. चेंडूकडे एकाचंही लक्ष नव्हतं. सगळ्यांची नजर सात नंबरच्या कमरेखाली. डाव्या कोपऱ्यावरच्या पोराने डुबकी मारून घोटा धरला, मागून दोघांची साखळी आली आणि आमचा सात नंबर धसकटांवर पालथा झाला. चेंडू एकटाच घरंगळत ओढ्याकडे गेला. आबांनी जोरात शिट्टी मारली. मी मनात म्हटलं, आता फ्री किक.

“सात नंबर बाद!”

कर्णधार धावत गेला. आबांनी त्याला समजावलं, “गडी येकटा त्येंच्या अंगणात गेला. त्येंनी धरला. माघारी आला का? न्हाई आला. मग?” माझ्या हातात नियमांचं पुस्तक होतं. या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

त्यानंतरचा सामना कबड्डीच्या कायद्याने झाला. सात नंबर बांधावर जाऊन बसला, थोड्या वेळाने नऊ नंबर त्याच्या शेजारी गेला. मध्यंतरानंतर आम्ही खालच्या खाचरात आलो, म्हणजे त्यांना उतार मिळाला. वरून लाथ बसलेला चेंडू बांबूतून आत जाईपर्यंत थांबायचा नाही. बांधावर आमची रांग लागली. आमच्यात एकच गडी शेवटपर्यंत बाद झाला नाही, तो गोलकीपर. फुटबॉलमध्ये हाताने धरायची सवय त्यालाच. अंगावर आलेल्या पोराची त्याने सहजप्रेरणेने कंबर धरली, तसे आबा ओरडले, “घ्या, पुन्याचा येक गडी जित्ता!” आणि सात नंबर पुन्हा आत आला. तरी एकदा गोलकीपर सोडून सगळे बांधावर गेले आणि आबांनी, “जवळजवळ लोणच हाय,” म्हणून गावाला दोन गुण देऊन टाकले. बांधावर खडे मांडून त्यांनी हिशेब केला तेव्हा आम्ही तेवीस विरुद्ध चार असे हरलो होतो. चारही गुण गोलकीपरने धरलेल्या माणसांचे.

रात्री आबांच्या पडवीत इंद्रायणीचा भात आणि कोंबडीचा रस्सा. ज्या मैदानावर हरलो त्याच मैदानाचा भात. तीनदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी माघारी नसरापूर, कापूरहोळ करून भोर. आता मुलांना सपाटीचं वेडच लागलं होतं. पंतसचिवांच्या राजवाड्यात गेलो तर खांबांवरची नक्षी सोडून सगळे चौकाची लांबी-रुंदी पावलांनी मोजू लागले. पाच-पाच जणांचा सामना बसेल, असं ठरलं. मग भाटघर. या तालुक्यात नजरेत भरेल अशी सपाटी कुठे असेल तर ती इथे, पण पाण्याची. वेळवंडी नदीवर १९२८ साली हे धरण उभं राहिलं, तेव्हा खोऱ्यातली चांगली सपाट जमीन तळाशी गेली. वर साठलेलं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे जातं. म्हणजे भोरने मैदान दिलं आणि खेळतंय दुसरंच कुणीतरी. धरणाला पंचेचाळीस स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याचा दाब आला की ते आपोआप उघडतात. हे ऐकल्यावर आमच्या बचावफळीकडे सगळ्यांनी एकदम पाहिलं.

संध्याकाळी भोरमध्ये एका पटांगणात मुलींचा कबड्डीचा सराव चालला होता. त्यांचा हंगाम कसा असतो ते एकीने सांगितलं. आधी जिल्ह्याचे विभागीय सामने, मग आंतरविभागीय, त्यातून विद्यापीठाचा संघ, तो पश्चिम विभागाला जाणार. तिकडे निवड नाही झाली तरी हंगाम थांबत नाही, कारण चैत्रात गावोगावच्या जत्रा. तिथे मातीवर खेळायचं, इथे मॅटवर. घोटे दोन्हीकडे सुजतात. बोलता बोलता तिने बुटाची नाडी आवळली आणि आमच्या सात नंबरला विचारलं, “येताय?” सात नंबरने वेल्ह्यातला घोटा दाखवून माफी मागितली.

गोलकीपर मात्र पुढे झाला. पहिल्या चढाईत त्याने श्वास सोडल्यावर “कबड्डी” म्हणायला सुरुवात केली, म्हणून बाद. पण बचावाला उभा केल्यावर गडी कोपऱ्यातून हलेना. ड्रायव्हरने पाचला निघायचं बजावलं होतं; सात वाजले तरी हॉर्न वाजत होता आणि कोपरा धरलेला होता. शेवटी त्यांच्या मार्गदर्शक बाईंनी त्याचा नंबर घेतला. गावच्या जत्रेत पुरुषांचे सामने असतात, नक्की ये, असं आवतण दिलं. फुटबॉलसाठी नाही, हे त्याला दोनदा सांगितलं.