मेव्हण्याची टाकी

माझी सासुरवाडी सरहद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या दोडामार्गची. लग्नानंतरची काही वर्षे मेव्हणा डिचोलीला आमच्याकडे यायचा तो चवथीला आणि भाऊबिजेला. २०१२ च्या एप्रिलपासून मात्र तो दर शनिवारी येऊ लागला. भावाची माया अशी एकाएकी उतू आलेली पाहून बायकोच्या डोळ्यांत पाणी यायचे. माझ्या यायचे नाही, कारण मी पेपर वाचतो. त्याच महिन्यात गोव्यात मनोहर पर्रीकरांच्या सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट वीस टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला होता आणि पेट्रोल लिटरमागे अकरा रुपयांनी उतरले होते. पुढे कर पुन्हा चढला, पण सरहद्दीच्या दोन बाजूंच्या भावांतला फरक काही मिटला नाही. मेव्हणा आधी पंपावर जातो, टाकी गळ्यापर्यंत भरतो, मग ताईच्या हातचा चहा घेतो आणि अर्ध्या तासात दोडामार्ग गाठतो.

असा हा गोमंतकीय पेट्रोलवर पोसलेला माणूस परवा सोप्यावर बसून म्हणाला, "भावोजी, पेट्रोलचे दिवस संपले. आता विजेची गाडी."

योगायोगाने पेडण्याचा भाचाही आला होता. त्याची टॅक्सी. मोपाच्या विमानतळाचे २०२२ च्या डिसेंबरात थाटात उद्घाटन झाले, तेव्हा त्याने कर्ज काढून गाडी घेतली. हप्ते अजून चालू आहेत. तो उसळलाच. "मामा, रात्री दोनला विमान उतरते. गिऱ्हाईक म्हणाले, पाळोळे. त्याला काय सांगू? थांबा, गाडी जेवतेय?"

"अरे, पत्रादेवीपासून पोळेपर्यंतचा हमरस्ता दीडशे किलोमीटरच्या आत आटपतो," मेव्हणा म्हणाला. "गाडी एका चार्जिंगला अडीचशे जाते. चार्ज संपायच्या आधी तुझा गोवा संपतो."

"गोवा संपतो, पण दिवस संपत नाही. पाळोळ्याहून रिकामा परत कोण येणार? तू?"

मग मेव्हण्याने माझ्या पेपरच्या कोऱ्या कडेवर हिशेब मांडला. पेट्रोल शंभर धरा, गाडी लिटरला सोळा देते, म्हणजे किलोमीटरला सहा रुपये. विजेच्या एका युनिटात सहा-सात किलोमीटर. युनिट पाच रुपयांना धरले तरी किलोमीटरला रुपया पडत नाही. भाच्याने गाडीची मूळ किंमत आणि आठ-दहा वर्षांनी बॅटरी बदलायचा खर्च मांडायला घेतला, तर कड संपली. पेट्रोलवाल्यांच्या बाजूने हिशेब लिहायला नेहमीच कागद कमी पडतो. मग त्याने विषय बदलला. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल घालतात, गाडी कुरकुरते म्हणाला. म्हणजे गाडीने प्यायलेले सरकारला चालते, फक्त चालकाने प्यायचे नाही. गोव्यात हा नियम कोणाच्या गळी उतरणार?

मी मध्यस्थी करावी म्हणून दोघे माझ्याकडे पाहू लागले. माझी अडचण इंजिनाची नाहीच, मीटरची आहे. आमच्या घराचा वीजमीटर आजोबांच्या नावावर आहे. आजोबा जाऊन तीस वर्षे झाली. मीटर हयात आहे. गाडीसाठी लोड वाढवायचे तर वाटेकऱ्यांच्या सह्या हव्यात. वाटेकरी एकवीस. त्यांतले सहा मुंबईला, तिघे स्विंडनला, आणि दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. वाटणीचा दावा कोर्टात आहे. बॅटरी आठ तासांत भरते, दावा निकाली निघायला किती लागतील ते गाडीच्या माहितीपत्रकात दिलेले नाही.

"तरी पण हवा स्वच्छ राहते ना," मेव्हणा म्हणाला. इथेही तो बरोबर होता. आमची हवा स्वच्छ राहते. गोव्याची बहुतेक वीज बाहेरून येते. छत्तीसगडातल्या कोरब्यासारख्या ठिकाणी कोळसा जळतो, तेव्हा डिचोलीत दिवा लागतो. मुरगाव बंदरातून जाणारा कोळसा आम्हाला नको, तमनारची वीजवाहिनी मोलेच्या रानातून जायला नको, आणि गाडी मात्र विजेची हवी. कोरब्याला सोपा नाही काय? तिथेही कोणी सायंकाळी बसून खोकत असेल. पण तो आमचा मतदार नाही.

डिचोलीकराला हे नव्याने सांगायला नको. इथल्या डोंगरांचे लोखंड जगभर गेले आणि धूळ आमच्या अंगणात उरली. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा थांबवल्या. ट्रक दारात उभे राहिले, हप्ते पळत राहिले. बॅटरीतले लिथियम चिलीतून, कोबाल्ट काँगोतून, कोणाच्या तरी डोंगरातूनच येते. तिथेही एखादी डिचोली असेल, तिच्या तुळशीवर धूळ बसत असेल.

सरकार मात्र स्वस्थ बसलेले नाही. आमच्याच तालुक्यातल्या साखळीचे मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी जुलै २०२३ मध्ये जाहीर केले की जानेवारी २०२४ पासून नवी पर्यटक वाहने विजेचीच असतील. जानेवारी आला नि गेला. किनाऱ्यावर भाड्याच्या दुचाक्यांचा धूर आहे तिथेच आहे. भाचा चिडला नाही. पेडण्याच्या माणसाला या गोष्टीची सवय असते. कोजागरीला पेडण्याची पुनव भरते. भूतनाथाला एका रात्रीत देऊळ बांधून हवे असते, ते होत नाही, तो रुसून रानाकडे धावतो. मग लोक 'देऊळ बांधूया' म्हणून त्याची समजूत घालतात आणि परत आणतात. पुढल्या वर्षी देव पुन्हा रुसतो, लोक पुन्हा तेच सांगतात. "चार्जिंग स्टेशनचे तसेच समजायचे," भाचा म्हणाला. "फक्त देवाला आपण मनापासून सांगतो."

एवढ्यात बायको चहाचे कप उचलायला आली. म्हणाली, "तुमचे भांडण संपले असेल तर एक सांगा. रात्री आठनंतर साखळीहून घरी यायला बस कुठली?" दोघेही गप्प. कदंब महामंडळाच्या विजेवरच्या बसगाड्या मोपाला जातात, हे भाच्याला ठाऊक होते; त्या त्याची गिऱ्हाइके नेतात, म्हणून त्याने सांगितले नाही.

या शनिवारी मेव्हणा नवीकोरी विजेची गाडी घेऊन आला. पंपावर गेलाच नाही, थेट घरी. महाराष्ट्रापेक्षा गोव्यात वीज स्वस्त, हे त्याला कोणी सांगावे लागले नाही. खिडकीतून वायर आत घेतली आणि फ्रीजची पिन काढून प्लग लावला. "रात्रभर लागेल, भावोजी. आता घाई कसली?" पेट्रोल होते तेव्हा तो चहावर निघायचा. आता रात्रीचे जेवण, सकाळचा नाश्ता आणि दुपारचे हुमण. भाऊ मुक्कामाला राहिला म्हणून बायकोचे डोळे पुन्हा भरून आले.

मेव्हण्याचा प्रवास आता अगदी स्वच्छ आणि स्वस्त झाला आहे. धूर कोरब्यात, बिल आजोबांच्या नावावर.