भाड्याच्या जमिनीवरचा पाऊस

सेकंड लाइफमध्ये भिंतीला ओल धरत नाही. पत्रा गंजत नाही, वाशाला वाळवी लागत नाही, कौलांवर शेवाळ चढत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडेन लॅब कंपनीने 2003 साली हे आभासी जग लोकांना खुलं केलं. तेव्हापासून माणसं तिथे जमिनी घेतात, घरं बांधतात, दुकानं थाटतात, लग्नंसुद्धा लावतात. पण कुणी मुद्दाम हलवला नसेल, तर तेव्हाचा ठोकळाही आज सकाळी ठेवल्यासारखा दिसतो. कोकणातल्या कौलारू घरात हयात काढलेल्या माणसाला हे ऐकून आधी हेवा वाटतो. वैशाखात कौलं परतायची नाहीत, गडी शोधायचा नाही, तो आला नाही म्हणून बोंबलायचं नाही. मग हळूहळू चुकचुकल्यासारखं व्हायला लागतं. काही बिघडतच नसेल तर नवराबायकोने मे महिन्यात बोलायचं तरी कशावर?

टोरांटोत चित्रकला शिकणाऱ्या माझ्या भाचीला त्या जगात थोड्या दिवसांसाठी जागा मिळाली. एक हौशी जमीनदारीणबाई आपल्या मालकीचा तुकडा आळीपाळीने कलाकारांना वापरायला देतात. तिथे काहीतरी मांडायचं, लोकांना दाखवायचं आणि मुदत संपली की जमीन होती तशी परत करायची. भाचीने रात्री व्हिडिओ कॉल लावून विचारलं, "मामा, तुझ्या घरातली अशी कुठली गोष्ट आहे, जी तिकडे असूच शकत नाही?"

"पागोळ्या," मी म्हटलं.

ती क्षणभर गप्प झाली. लहानपणी पडवीच्या कडेला बसून, पाय बाहेर सोडून, अंगठ्यावर पागोळी झेलणारी हीच मुलगी. "चल, लावू या," ती म्हणाली, आणि माझ्यासारख्या निवृत्त माणसाला एकाएकी रात्रपाळी लागली.

त्या जगात घर बांधायचं म्हणजे ठोकळ्यांपासून सुरुवात. जमिनीवर क्लिक केलं की अर्ध्या मीटरचा एक ठोकळा प्रकट होतो, आणि तो असतो चक्क प्लायवूडचा! विश्वाची निर्मिती प्लायवूडपासून व्हावी ही कल्पना मला फार आवडली. निर्मात्याचा सुतारावर विश्वास दिसतो. हा ठोकळा ओढायचा, चेपायचा, पोकळ करायचा आणि त्यावर हव्या त्या पृष्ठभागाचं चित्र चढवायचं. चित्र आत न्यायला दहा लिंडेन डॉलर पडतात. आकडा ऐकून छातीत धस्स होतं, पण एका अमेरिकी डॉलरला असे अडीचशेच्या आसपास मिळतात. म्हणजे आमच्या पडवीच्या जांभ्या दगडाला एका कटिंग चहाइतकाही खर्च आला नाही. खऱ्या गवंड्यांना हे सांगू नये.

कौलांवरून मात्र आमचं वाजलं. मला प्रत्येक कौल वेगळं हवं होतं. भाचीने हिशेब मांडला. किती वस्तू ठेवायच्या हे जमिनीच्या आकारावर ठरतं. 512 चौरस मीटरच्या तुकड्यावर साधारण 175 ठोकळे. मी मागितलेली कौलं घातली असती तर छप्पर झालं असतं आणि खाली खांबसुद्धा उरले नसते. शेवटी तिने तोडगा काढला. वरचं छप्पर ही सपाट फळी, तिच्यावर कौलांचा फोटो. आणि कडेची एकच ओळ खरीखुरी, एकेक कौल सुटं, टोकाला किंचित बाक असलेलं. पडवीत उभ्या राहिलेल्या माणसाला छपराचं वेगळं काय दिसतं? ही कडच. शिवाय पागोळी सुटते ती तिथूनच.

नंतर उंची नडली. आमच्या पडवीत शिरताना वाकावं लागतं, आणि ते वाकणं मला प्रदर्शनात हवंच होतं. पण तिथली माणसं आधीच सात-सात फुटांची, आणि तुम्ही जग पाहता ते त्यांच्या डोळ्यांनी नव्हे, तर पाठीमागे थोड्या वर तरंगणाऱ्या कॅमेऱ्यातून. छप्पर बुटकं ठेवलं की कॅमेरा माळ्यावर अडकतो आणि पाहुण्याला पडवीऐवजी कौलांची वरची बाजू दिसते. म्हणून छप्पर वाढवत वाढवत इतकं वर न्यावं लागलं की पडवीला देवळाच्या सभामंडपाची ऐट आली. तिथे मालमत्तेला मर्यादा आहे, पण नम्रतेची काही सोय नाही.

आणि मग पाऊस. तिथे पाऊस आपसूक पडत नाही. वारा आहे, ढग आहेत, दर चार तासांनी उगवून मावळणारा सूर्य आहे, पण पाऊस हवा असेल तर तो कणांचा बनवावा लागतो. एखाद्या ठोकळ्यात छोटी स्क्रिप्ट घालायची: अमुक वेगाने, अमुक रंगाचे, इतके सेकंद जगणारे थेंब सोड. भाचीने आकाशात उंच ठोकळा टांगला, पाऊस सुरू केला आणि तो थेट पडवीत पडायला लागला. कारण हे कण कशालाही अडत नाहीत. छप्पर, जमीन, माणसं, सगळ्यांतून आरपार जातात.

"मामा, गळतंय!" ती रडवेली झाली.

मला तर घरी आल्यासारखं वाटलं. पण आम्हाला हवा होता बाहेरचा ओला आणि आतला कोरडा भाग, आणि त्या दोघांमधली ती पाण्याची चिक. मग आकाशातला ठोकळा काढून टाकला आणि कडेच्या प्रत्येक कौलाच्या टोकाखाली चिमुकला, अदृश्य उगम बसवला. पाऊस नाहीच, नुसत्या पागोळ्या. थेंबांनी वाऱ्याबरोबर ढळावं अशीही एक सोय निघाली. ती चालू केल्यावर सगळी चिक मधूनच तिरकी व्हायची, पुन्हा सरळ व्हायची. ते पहिल्यांदा झालं तेव्हा आम्ही दोघंही काही बोललो नाही. मागून सौभाग्यवती मात्र म्हणाल्या, "रात्रीचे दोन वाजलेत."

या थेंबांची एक गंमत मला फार उशिरा कळली. ते सर्व्हरवर नसतातच. सर्व्हर फक्त कृती सांगतो. थेंब तयार होतो तो ज्याच्या त्याच्या संगणकात. म्हणजे टोरांटोत भाची आणि इकडे मी एकाच पडवीत, एकाच कौलाखाली उभे असलो तरी तिची पागोळी वेगळी, माझी वेगळी. आणि ज्याचा संगणक जुना, त्याने कणांची संख्या शून्यावर आणून ठेवलेली असली तर त्याच्यापुरता ठणठणीत दुष्काळ. असा एक पाहुणा आला, बराच वेळ इकडे तिकडे फिरला आणि लिहून गेला की रिकामेपणाचा आविष्कार मनाला भिडला.

आवाज मी घरून पाठवला. तिथे सलग लांब ध्वनी घेत नाहीत, काही सेकंदांचे तुकडे करून ते फिरते ठेवावे लागतात. आषाढातल्या एका सकाळी मी पडवीत फोन धरून बसलो. त्या तुकड्यांतला पाण्याचा आवाज सुरेख आला, पण एकात मागून हिचा प्रश्नही आला: "ताडपत्री टाकली का?" भाचीने तो कापला नाही. "मामा, तेवढंच तर खरं आहे त्यात," ती म्हणाली. त्यामुळे आमच्या कलाकृतीत ठराविक अंतराने एक बाई ताडपत्रीची चौकशी करत राहिली. उत्तर कुणीच देत नव्हतं, हेही वास्तवाला धरूनच होतं.

एवढं सगळं करून ठराविक तारखेला ते काढून टाकायचं, हे आमच्या घरात कुणाला पटेना. "विजेचं बिल नाही, पडायचं भय नाही, मग राहू दे की," असं शेजारीसुद्धा म्हणाले. प्रश्न रास्त होता. खऱ्या जगात नाशवंत कला करायला वेगळं काही करावं लागत नाही. तिथे मात्र नाशसुद्धा सोय म्हणून पुरवलेला असतो. बांधकामाच्या चौकटीत 'टेम्पररी' अशी एक टिकची जागा आहे. टिक केली की ठोकळा मिनिटभरात आपोआप नाहीसा होतो. स्क्रिप्टच्या भाषेत वस्तूने स्वतःला संपवण्याचाही हुकूम आहे आणि त्या हुकमाने गेलेली वस्तू कचरापेटीतही सापडत नाही. दुसऱ्याच्या जमिनीवर काही ठेवून आलात, तर मालकाने नेमलेली मिनिटं भरताच ते उचलून तुमच्या 'लॉस्ट अँड फाउंड' कप्प्यात परत धाडलं जातं. आमच्या नगरपालिकेला ही युक्ती कुणी कळवू नये.

तरी तिथे मोडण्यासाठीच बांधायची परंपरा त्या जगाइतकीच जुनी. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात 'बर्निंग मॅन' भरतो, लाकडी पुतळा उभारतात आणि जाळतात. त्याची नक्कल सेकंड लाइफमध्ये 2003 सालीच सुरू झाली. तिथे जळायला लाकूड नाही. ज्वाळा म्हणजे आमच्या पागोळ्यांचेच भाऊबंद, उलट्या दिशेने सोडलेले कण. चीनच्या त्साव फेई या कलावतीने 'आरएमबी सिटी' नावाचं अख्खं शहर तिथे वसवलं, त्यात बीजिंगच्या टीव्ही केंद्राची प्रचंड इमारत क्रेनला लटकवली. ते 2009 साली उघडलं आणि 2011 साली बंद केलं. लिंडेन लॅबनेही 2010 पासून कलाकारांना 256 मीटर बाजूचे चौकोनी प्रदेश काही महिन्यांसाठी फुकट देणारी योजना चालवली होती. खपून उभारायचं, मुदत भरली की सपाट. मग 2019 मध्ये योजनाच सपाट झाली.

माझा सगळ्यात आवडता माणूस मात्र काहीच न बांधणारा. जोसेफ डिलॅप नावाचा अमेरिकी कलाकार. त्याने 2008 साली न्यूयॉर्कमध्ये एक चालायचं यंत्र संगणकाला जोडलं. तो यंत्रावर पाऊल टाकणार, तेव्हा सेकंड लाइफमधला त्याचा पुतळा, म्हणजे अवतार, पाऊल टाकणार, आणि तो पुतळा होता गांधीजींचा. 12 मार्च ते 6 एप्रिल, दांडीयात्रेच्याच तारखांना, तेवढेच 240 मैल तो चालला. पुतळ्याला चालवायला एक बटण पुरतं, त्या जगात उडताही येतं, एका जागेहून दुसरीकडे क्षणात उतरताही येतं. असं असताना या गृहस्थाने स्वतःच्या पोटऱ्या दुखवून घेतल्या. मूळ यात्रेत भजनं म्हणायला आपले पंडित नारायण मोरेश्वर खरे होते. इथे सोबतीला येणारेजाणारे अनोळखी अवतार. वाटेवर मागे काही उरलं नाही. जे काही झालं ते डिलॅपच्या पायांत. हे मी हिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग तुम्हीही जरा चाला."

आमच्या पडवीचं उद्घाटन दुपारी बाराला ठेवलं होतं. तिथलं घड्याळ कॅलिफोर्नियाचं, म्हणजे आमच्याकडे मध्यरात्रीनंतर साडेबारा. पहिला पाहुणा ढगाच्या रूपात आला. तो कवीपणा नव्हे. अवतार पुरता उतरेपर्यंत तिथे माणसाच्या जागी नुसता ढगच दिसतो. हा बराच वेळ ढगच राहिला आणि पागोळ्यांखाली जाऊन उभा राहिला. कुणी ठरवून केलं असतं तर मी त्याला नाटकीपणा म्हटलं असतं. मग शेपटीवाली एक कोल्हीण आली, दोन यंत्रमानव आले, पंख असलेल्या एक बाई आल्या आणि बाकावर बसायला गेल्या. बसण्याची जागा आम्ही स्क्रिप्टने नेमली नव्हती, त्यामुळे त्या कमरेपर्यंत लाकडात रुतल्या. त्यांनी तक्रार केली नाही. भाचीने पुढे बाक नीट केला तेव्हा एका यंत्रमानवाने विचारलं, रुतणं का काढलंत?

कोल्हिणीला ताडपत्रीची चौकशी करणाऱ्या बाईच्या आवाजाचं कुतूहल होतं. हा मंत्र आहे का, तिने लिहून विचारलं. भाचीने मला फोनवर विचारलं, "काय सांगू?" मी म्हटलं, पावसाआधी घरच्या कर्त्या पुरुषाला विचारायचा पारंपरिक प्रश्न आहे, असं सांग. कोल्हीण फार वेळ थांबली. जाताना तिने तिच्या भाषेत तो प्रश्न काय होईल असं विचारून घेतलं, आणि घर नको पण नुसती ती कड मिळेल का, म्हणाली.

मुदत संपल्यावर जमीनदारीणबाईंनी दिलदारपणे कळवलं की थोडं भाडं देत असाल तर आणखी महिनाभर ठेवा. भाचीने नकार दिला. मग पडवी उचलली गेली, आणि प्रत्येक ठोकळ्याला नाव द्यायचा कंटाळा केल्यामुळे तिच्या कप्प्यात 'ऑब्जेक्ट' नावाच्या वस्तूंची ही मोठी चळत जमा झाली. त्यातला खांब कुठला, कौल कुठलं, हे आता देवालाच ठाऊक. कड मात्र तिने वेगळी काढली आणि आवाजासकट कोल्हिणीला दिली, नकला काढता येणार नाहीत अशा बेताने. कोल्हिणीचं स्वतःचं घर नाही, अवकाशयान आहे. परवा भाचीने त्याचा फोटो पाठवला. अवकाशयानाच्या दाराला पागोळ्या लागल्यात. ताडपत्रीची चौकशी तिथेही चालू असणार. हिला अजून सांगितलेलं नाही, कारण ऐकल्याबरोबर ती विचारणार की तिथे तरी कुणी टाकली का.