कुंड्यांचा चळ

सांगू नये, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सध्या जे चाललंय, ते चारचौघांत शोभणारं नाही!

परवा भर पावसात रात्री अकराला तिसऱ्या मजल्यावर दिवे, बायकांची लगबग. काय अघटित घडलं म्हणून धावत वर गेले, तर ब्रह्मकमळ फुललेलं! त्याला हळदकुंकू, उदबत्ती आणि आल्यागेल्याला मसाला दूध. बरं, ज्याची पूजा त्याचं कूळ तरी विचारावं? हा पाहुणा मेक्सिकोकडचा निवडुंग. खरं ब्रह्मकमळ हिमालयात, उत्तराखंडाचं राज्यफूल ते. एवढं बोलले मात्र, माझ्यापर्यंत दूध आलंच नाही.

आणि चोऱ्या? मनीप्लांट म्हणे चोरूनच आणावा, तरच लाभतो. एवढ्या आधारावर सभ्य बायका पर्समध्ये कात्री ठेवायला लागल्या. जून-जुलैच्या दमट हवेत खोचलेली फांदी पटकन मूळ धरते, त्यामुळे यांचा हंगाम तोच. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू बारशाला गेल्या, त्या बाळाच्या आधी गॅलरीत. परतताना ओल्या रुमालात जास्वंदीची काडी!

तळमजल्यावरचे काका जीवामृत करतात. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, मूठभर माती. सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं. घरात पिठल्याला बेसन नाही, पण गुलाबाला आहे. त्यांनी ती बादली लिफ्टमधून नेली, त्या दिवशी अख्ख्या इमारतीने जिना वापरला.

घरातल्या झाडांची तर वेगळीच श्रीमंती. साधा हिरवा मॉन्स्टेरा आता कुणी दाखवत नाही. पानावर पांढरे फराटे हवेत. त्या पांढऱ्या भागात हरितद्रव्यच नाही, अन्न करायचं सगळं हिरव्याने. म्हणून वाढ हळू, आणि म्हणूनच भाव चढा. जो बसून खातो त्याचीच मिजास! खिडकीजवळची खुर्ची त्याची, सासरेबुवा सतरंजीवर. त्यावर पिठ्या ढेकूण आला तर मात्र घराण्याला बट्टा लागल्यासारखं गुपचूप, रात्री कापसाला स्पिरिट लावून पुसतात. शेजारी कळता कामा नये.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन. तिथून येताना पिटुनिया अन् शेवंतीच्या कुंड्या डिकीत राहतात, नवरा झोपला की वर येतात. मग त्याच हाताने मोगऱ्याची अशी निर्दय छाटणी, की बघवत नाही; त्याचा वास मात्र एप्रिलभर सगळ्या मजल्यांना फुकट. आणि मे महिन्यात हिरवी जाळी बांधून सगळे घरातच. महाबळेश्वरचं बुकिंग रद्द, कारण पाणी कोण घालणार?

रविवारी सोसायटीची सभा आहे. विषय : जिन्यातल्या कुंड्या हलवणे. ठराव सेक्रेटरी मांडणार आहेत. अनुमोदक अजून मिळत नाही. ज्याला विचारावं, त्याचं अडेनियम पाचव्या पायरीवर.