बेकरी मनातून उतरवण्याची रीत

कोपऱ्यावरची लाडकी बेकरी मनातून उतरण्याची सुरुवात बहुधा मालकाचा मुलगा गल्ल्यावर बसू लागल्यापासून होते. लक्षणे त्याआधीही दिसतात. पाइनॅपल पेस्ट्रीची उंची घटते, क्रीमरोल दोन्ही तोंडांशी भरलेला आणि मध्ये पोकळ निघतो. पण जुने गिऱ्हाईक 'आज कारागीर सुट्टीवर असेल' असे म्हणून वर्षानुवर्षे वेळ मारून नेते. म्हणून हे काम आपोआप होईल या भरवशावर राहू नये. ते रीतसर करावे.

आरंभ वाचनाने करावा. सुट्या पेस्ट्रीला लेबल नसते, तेव्हा पाकीटबंद नानकटाई घ्यावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे कायद्याने बंधनकारक आहे. मैदा, साखर, खाद्य वनस्पती तेल असा प्रवास करत लोणी कुठे भेटते ते पाहावे. कित्येकदा ते भेटतच नाही. भेटतो तो लोण्याचा सुगंध, तोही कंसात आणि कृत्रिम.

यानंतरचा भाग जिभेचा असून तो सर्वांत महत्त्वाचा आहे. लोणी साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सियसला वितळते आणि तोंडाचे तापमान ३७ अंशांच्या आसपास असते, त्यामुळे लोण्याचा पदार्थ तोंडात विरघळून मागे काही ठेवत नाही. पॅटिसच्या पापुद्र्यांसाठी वापरले जाणारे मार्जरीन मुद्दाम जास्त तापमानाला वितळणारे बनवतात. नाहीतर आपल्या उन्हाळ्यात लाटतानाच पापुद्रे एकमेकांना चिकटतील. खाल्ल्यावर जीभ टाळूवरून फिरवावी. मेणासारखा थर लागला तर निदान पक्के. क्रीमचेही तेच. मे महिन्यात काचेच्या कपाटात ताठ उभे राहणारे क्रीम गाईम्हशीचे नसते; ते बहुतेकदा पामच्या बियांच्या तेलापासून बनलेले असते. मात्र ट्रान्स फॅटच्या नावाने ओरड करू नये. २०२२ पासून तेला-तुपातील त्याचे प्रमाण २ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम आहे, त्यामुळे आरोग्याची सबब पूर्वीइतकी हाताशी राहिलेली नाही.

ब्लॅक फॉरेस्टचा अभ्यास स्वतंत्रपणे करावा. मूळ जर्मन केकमध्ये चेरीची दारू असते. इथल्या केकमध्ये ती नसतेच आणि चेरीही अनेकदा साखरेत मुरवून लाल केलेले करवंद असते. टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई. या माहितीने सामान्य माणसाचे प्रेम निम्म्यावर येते. कोकणातल्या माणसाच्या बाबतीत ते वाढण्याचाही धोका आहे.

'भट्टी गेली आणि चव गेली' हा युक्तिवाद जपून वापरावा. मुंबईत २०२५ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर लाकूड-कोळशाच्या भट्ट्या बंद करण्याचा विषय ऐरणीवर आला, तेव्हापासून तो फारच लोकप्रिय आहे. ब्रून पावाच्या कडक कवचाबद्दल तो मांडता येतो. क्रीमचा मात्र भट्टीशी काडीचाही संबंध नाही.

काही दोष बेकरीच्या खात्यावर टाकता येत नाहीत. लहानपणी पेस्ट्री वाढदिवसाला, तीही भावंडांत वाटून मिळे. आता ती कुठल्याही मंगळवारी अख्खी मिळते. ही वजावट आधीच करून घ्यावी.

तक्रार करणे ही या पद्धतीतील सर्वांत मोठी चूक होय. तक्रार ऐकताच जुना मालक आतून उठून येतो, 'तुम्ही घरचे आहात' म्हणतो आणि एक गरम पॅटिस पुडीत फुकट टाकतो. सगळी मेहनत तिथे वाया जाते. त्यापेक्षा रस्ता बदलावा. रस्ता बदलणे शक्य नसेल तर दुसऱ्या दुकानाचा खोका नेताना छापील बाजू पोटाकडे धरावी. घरच्या वडीलधाऱ्यांना काही समजावू नये. वाढदिवसाचा केक 'नेहमीच्या ठिकाणाहूनच' येणार, हे गृहीत धरावे.

खारी या रीतीतून वगळावी. चहात बुडवल्यावर तिच्यात लोणी होते की वनस्पती, हे ठरवण्याइतका वेळ मिळत नाही. ती त्याच बेकरीतून, सकाळी ताजी असताना आणावी.