तोफेचा नांगर, विमानाची फाइल

निवृत्त लष्करी मालाचं काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडे एकेकाळी भट्टीतच सुटत असे. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा निवडुंगाने माजलेला माळ लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी दिला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफाच वितळवायला दिल्या, असं सांगतात. तोफांचे नांगर झाले. समिती नाही, उपसमिती नाही.

आता आपण पुढारलो आहोत. १९४७ साली श्रीनगरात फौज उतरवणाऱ्या डाकोटाच्या जातीचं एक विमान तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी २०११ मध्ये आयर्लंडच्या भंगारातून उचललं आणि हवाई दलाला भेट देऊ केलं. सरकार म्हणालं, नको. (फुकटच्या वस्तूची निविदा काढणार कशी?) मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री झाले, तेव्हा कुठे होकार आला. ब्रिटनमध्ये डागडुजी होऊन ‘परशुराम’ २०१८ मध्ये हिंडनला पोचलं. जगात दहा हजारांवर डाकोटा बनली, म्हणून त्याचे सुटे भाग अजून मिळतात तरी.

आपल्याच कानपुरात जोडलेल्या हवाई दलाच्या ॲव्रो विमानाचंही वय झालं. त्याची जागा घेणाऱ्या सी-२९५चा कारखाना वडोदऱ्याला गेला. नागपूरला का नाही, म्हणून २०२२ मध्ये सत्ताधारी आणि विरोधक दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं. विमान तिकडे, आपल्या वाट्याला सुटा भाग एकच आला, पत्रकार परिषद. त्याचा साठा मात्र भरपूर आहे.