अहो, हात पुढे करा

गिरीजमध्ये थंडी पडत नाही, हे सुईमावशी सोडून सगळ्यांना माहीत आहे. भुईगावचा समुद्र एवढा जवळ की डिसेंबरातही हवेला कोरडं होणं जमत नाही. पंखा बंद करावा का, असा विचार नाताळच्या आसपास लोकांच्या मनात येतो आणि संक्रांतीपर्यंत विरून जातो. अशा गावात लोकरीचं विणकाम करायचं म्हणजे श्रद्धाच हवी, आणि ती मावशींकडे भरपूर आहे.

सुईमावशी ही एक बाई नव्हे, जमात आहे. वसईच्या या पट्ट्यात गिरीज, सांडोर, गास, निर्मळ, कुठेही जा, दर आळीत एक सापडतेच. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कारण त्याच्या खालच्या बाजूने टाके दिसावे लागतात आणि वरच्या बाजूने रस्ता. गिरीजच्या हिराडोंगरीवर पूर्वी वज्रगड होता, आता दत्ताचं देऊळ आहे. गडावरून होणारी टेहळणी गड गेल्यावर बंद पडली असेल, असं इतिहासकारांना वाटतं. ती मावशींच्या ओटीवर हलवण्यात आली, एवढंच.

मावशी एका वेळी तीन संसार करतात. एक नवऱ्याचा, एक लोकरीचा आणि एक कथेचा. पहिल्यात काटकसर, दुसऱ्यात उधळपट्टी आणि तिसऱ्यात, कुणी बघत नसेल तर, दोन्ही.

काटकसरीपासून सुरुवात करू, कारण घरातही तिथूनच होते. अगोटीची बेगमी एप्रिलमध्येच पुरी. सुके बोंबील, सुकट, चिंच, मसाला, सगळं डब्यात आणि डब्यावर चिठ्ठी. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत. मासे धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, तांदूळ धुतलेलं जास्वंदीला. नातवाने टूथपेस्टची ट्यूब संपली म्हणून टाकली, तर ती कचऱ्यातून परत येते, कात्रीने उभी कापली जाते आणि आणखी आठवडाभर त्या घराचे दात घासते. संध्याकाळी दिवा एकाच खोलीत लावायचा, हा नियम. त्यामुळे सगळं घर एकाच खोलीत, आणि एकाच खोलीत असल्यामुळे मावशींची नवी कथा सगळ्यांना ऐकावी लागते. विजेचं बिल कमी येतं, साहित्यसेवा होते.

कागद विकत आणणं या घराला मंजूर नाही. कथा लिहिल्या जातात बँकेच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. महिना उलटला की पान फाडायचं आणि लिहायला घ्यायचं. त्यामुळे मावशींच्या कथेची लांबी महिन्यांत मोजतात. 'ही साधारण मार्च ते जून जाईल,' असं त्या सांगतात. भिंतीवरचं कालनिर्णय मात्र त्यांच्या काही उपयोगाचं नाही. त्याच्या मागच्या बाजूला आधीच कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं, आणि दुसऱ्याच्या लेखनात ढवळाढवळ मावशी करत नाहीत.

आता उधळपट्टी. एरवी भेंडीच्या वाट्यामागे दोन रुपये सोडवायला पापडीच्या बाजारात तीन फेऱ्या मारणाऱ्या या बाई लोकरीच्या दुकानात शिरल्या की भाव विचारायचं विसरतात. बोरिवलीला भाचीकडे जातो म्हणून सकाळी निघतात आणि संध्याकाळी वसई रोडला उतरतात तेव्हा पिशवी गेली त्यापेक्षा गुबगुबीत झालेली असते. वर मेथीची जुडी ठेवलेली असते. खाली मोरपिशी फोर प्लाय.

हिशेबाच्या वहीत लोकर कुठेही दिसत नाही. आलं-लसूण मात्र या घरात एवढं येतं की पाहणाऱ्याला वाटावं, घरी खाणावळ चालते. 'किरकोळ' हे खातं तर तूरडाळीपेक्षा जड. काका बँकेतून निवृत्त झालेले. उभी हयात दुसऱ्यांच्या खात्यांतला एक-एक रुपया शोधण्यात गेली. त्यांना ही वही वाचता येत नाही असं नाही, पण जे खातं तपासल्याने रात्रीचं जेवण धोक्यात येतं ते तपासायचं नाही, एवढा अनुभव त्यांच्यापाशी आहे.

लोकर घरात कुठे आहे हे मावशींनाही सगळं ठाऊक नाही. तांदळाच्या पिंपामागे, शिवणयंत्राच्या खणात, सुनेने दिलेल्या सुटकेसमध्ये. एकदा तर ओव्हनमध्ये सापडली, नाताळचा केक भाजायच्या वेळी. नशीब, आधी उघडून पाहिला.

या दोन टोकांना जोडणारी क्रिया म्हणजे उसवणं. मावशींच्या घरात कुठलाही स्वेटर मरत नाही. मोठ्या मुलाचा शाळेतला स्वेटर उसवून धाकट्याचा झाला, तो उसवून नातीचं जाकीट, ते उसवून टीव्हीवरचं आच्छादन. टीव्ही चपटा झाला आणि त्यावर काही राहीना, तेव्हा ते आच्छादन उसवून पुन्हा नातवाची टोपी. मूळ लोकर बहुधा ज्या दुकानातून आली ते दुकानही आता राहिलेलं नाही.

हा उसवण्याचा कार्यक्रम एकदा बघण्यासारखा आहे. जेवणं झाली, दुपार कलली, काका आरामखुर्चीत नुकतेच डोळे मिटतायत, एवढ्यात हाक येते, "अहो, हात पुढे करा." काका न बोलता दोन्ही हात वीतभर अंतर ठेवून समोर धरतात. मावशी जुन्या स्वेटरची शिवण सोडतात, गळ्याकडून धाग्याचं टोक काढतात आणि ओढायला लागतात. टाके फटाफट सुटत जातात, आणि वाफवलेल्या शेवयांसारखी नागमोडी झालेली लोकर काकांच्या हातांभोवती गुंडाळली जाते. ही लड नंतर चार ठिकाणी सैलसर बांधून कोमट पाण्यात बुडवायची आणि खाली वजन अडकवून वाळत टाकायची, म्हणजे वळ्या जातात. वजन म्हणून नारळ. वजन झालं की तोच नारळ आमटीत.

पण खरा कार्यक्रम निराळाच असतो. काकांचे हात बांधले गेले की मावशी नव्या कथेचं कथानक सांगायला घेतात. काका उठू शकत नाहीत, पेपर धरू शकत नाहीत, कानात बोटं घालू शकत नाहीत. एका पुलोव्हरात साधारण दीड कथा बसते. मराठी साहित्यात समीक्षकाचे हात बांधून त्याला कथा ऐकवण्याचा हा प्रयोग दुसऱ्या कुणी केल्याचं ऐकिवात नाही, पण करायला हरकत नाही. काका शेवटी एवढंच म्हणतात, "चांगली आहे, पण त्या विधवेला मारू नको." मावशी विधवेला मारतातच. तिच्यासाठी पुढच्या पानावर जागा नसते, जून संपलेला असतो.

लेखन आणि विणकाम दोन्ही एकाच मांडीवर चालत असल्यामुळे एकाचं दुसऱ्यात मिसळतं. 'राधिकाने डोळे पुसले, पदर सावरला आणि दोन्ही बाजूंनी एकेक टाका कमी केला,' हे वाक्य एका स्पर्धेच्या परीक्षकांपर्यंत पोहोचलं होतं. त्यांनी ते प्रतीक समजून गुण दिले. उलट बाजूचाही परिणाम आहे. काकांच्या करड्या स्वेटरची डावी बाही उजवीपेक्षा चार बोटं लांब आहे, कारण ती विणताना नायक बंदरावरून निघत होता आणि बोट काही केल्या सुटेना.

पात्रं कुठून येतात, हे आळीला नेमकं माहीत आहे. चार्ल्स डिकन्सने १८५९ च्या 'अ टेल ऑफ टू सिटीज'मध्ये मादाम दफार्ज नावाची बाई रंगवली आहे. फ्रेंच राज्यक्रांतीत कुणाकुणाचं डोकं उतरवायचं, त्यांची नावं ती आपल्या विणकामात टाक्यांच्या खुणांनी नोंदवते. मावशींना इतकं टोकाचं वागायचं नाही. त्या फक्त शेजारणीला कथेत टाकतात, नाव बदलतात आणि भांडण तसंच ठेवतात. त्यामुळे ओटीसमोरून जाताना बायका जरा हळू बोलतात. ज्यांना दिवाळी अंकात यायची हौस आहे त्या मुद्दाम जोरात बोलतात.

भाषेची एक गंमत. वसईत कादोडी आहे, वाडवळी आहे. मावशींचं रागावणं, लाड करणं, कोळणीशी घासाघीस करणं सगळं बोलीत. कागदावर मात्र त्यांची पात्रं पुण्याच्या सदाशिव पेठेतून आल्यासारखी बोलतात. 'आपण चहा घ्याल ना?' असं नायिका विचारते. मावशी स्वयंपाकघरात नातवाला ज्या शब्दांत चहा प्यायला बोलावतात ते शब्द छापले, तर अंक जप्त होईल. नातीने एकदा सुचवलं, "आजी, तू बोलतेस तसंच लिही की." मावशी म्हणाल्या, "बोलायला पैसे पडत नाहीत. कागद मोजका आहे, त्याच्यावर चांगलंच लिहावं."

घरच्यांनी फारच टोकलं, तर मावशी लक्ष्मीबाई टिळकांना साक्षीला काढतात. शाळेत न शिकलेली बाई, हातचं उचलून देऊन टाकणारा कवी नवरा, धर्मांतर, गावोगावची बिऱ्हाडं आणि टंचाई. एवढ्या सगळ्यातून १९३४ पासून भागाभागाने 'स्मृतिचित्रे' आलं. "त्यांनी संसार सांभाळून लिहिलं की नाही?" मावशी विचारतात. काका हळूच म्हणतात, "तिथे नवरा उधळा होता, बायको सांभाळणारी." या घरात नेमकं कोण काय, हा प्रश्न लोकरीच्या पिशवीखाली दाबला जातो. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हापासून तर मावशींचा आवाज चढलाच आहे. "नंदाखाल इथून किती लांब?" त्या विचारतात. रिक्षावाल्याला वाटतं, जायचंय.

एवढी लोकर विणून घालणार कोण? वर्षातून एक रात्र घरातल्या सगळ्यांची असते. नाताळची मध्यरात्रीची मिस्सा. त्या रात्री मावशींच्या घरातले सगळे लहानथोर आपापला स्वेटर घालून ओळीने बाकावर बसतात आणि ओळीने घाम पुसतात. शेजारच्या बाकावरची माणसं पातळ शर्टात, कौतुकाने बघत. गाभाऱ्यात गोठ्याचा देखावा. बेथलेहेमच्या त्या थंडीची कल्पना एकट्या मावशींनाच नीट असते.

मग मुलगा कॅनडाला गेला आणि मावशींना आयुष्याचं प्रयोजन सापडलं. उणे वीस! वसईच्या बाईने याहून काय मागावं? केबल टाक्याचा जाड स्वेटर, मफलर, कानटोपी, मोजे. पार्सलचा भाव विचारायला त्या गेल्या, आकडा ऐकून पार्सल उचलून तशाच परत आल्या. मग कुणीतरी जाणारा शोधला, त्याच्या सामानात स्वेटर दडपला आणि वजन शिल्लक आहे म्हणून सुकेळ्यांचा एक पुडाही. दोन आठवड्यांनी मुलाचा फोन. सुकेळी उत्तम. स्वेटर घरात घालवत नाही, घरात हीटर असतो, बनियनवर बसतो. बाहेर जाताना दुकानातलं जाकीट लागतं, लोकरीतून वारा शिरतो. मावशी क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "मग हीटर बंद करत जा ना. बिल किती येतं तुझं?"

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या कथेला एका स्थानिक स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. समारंभाला सगळं घर गेलं. काका करड्या स्वेटरात, डावी बाही दुमडून. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की या भगिनीने संसार, कला आणि साहित्य यांचा सुंदर समतोल साधला आहे. टाळ्या झाल्या. मग शाल-श्रीफळ. शाल खांद्यावर पडता पडताच मावशींनी तिचं एक टोक उलटं करून मागची बाजू पाहिली, दोन बोटांत घासली आणि जवळच्या कार्यकर्तीला कळेल इतक्याच आवाजात म्हणाल्या, "मशीनवरची आहे."

मग दोन शब्द बोलायची विनंती झाली. मावशी माईकजवळ गेल्या. "समतोल-बिमतोल काही नाही," त्या म्हणाल्या. "संसारातून वेळ चोरते, तो लोकरीत घालते. लोकरीतून चोरते, तो गोष्टीत घालते. आणि चोरीचा आळ ह्यांच्या आरामखुर्चीवर टाकते." सभागृह हसलं. काकाही हसले. त्यांना वाटलं, सगळी वही एका वाक्यात लिहून झाली.

खाली उतरताना मावशींनी नारळ कानाजवळ हलवून पाहिला, पाणी आहे याची खात्री करून पिशवीत टाकला. आभारप्रदर्शन सुरू झालं होतं. त्या आयोजकांपाशी गेल्या आणि अगदी हळू विचारलं, "बाळा, ही शाल बदलून तेवढ्याच किमतीची फोर प्लाय मिळेल का? रंग कुठलाही चालेल."