सनदी उमेदवारी

आमच्या घराण्यात कीर्द-खतावणीचा व्यासंग कधी कोणी केलेला नव्हता. वाण्याने वहीत जो आकडा मांडला असेल तो शिरसावंद्य मानून मुकाट्याने चुकता करावा, इतकाच आमचा हिशेबशास्त्राशी ऋणानुबंध. तथापि माझा बी. कॉम.चा निकाल लागताच वडील, काका आणि शेजारचे निवृत्त शिरस्तेदार यांनी माझ्या गैरहजेरीत, परंतु पूर्ण गणसंख्येने, मी सीए व्हावे असा ठराव संमत केला.

ज्या संस्थेकडे अर्ज करावयाचा ती १ जुलै १९४९ रोजी, म्हणजे राज्यघटना अमलात येण्याच्याही अगोदर अस्तित्वात आली. प्रजेचे हक्क ठरविण्यापूर्वी जमाखर्च तपासणाऱ्यांची तजवीज करून ठेवणाऱ्या राष्ट्रधुरीणांविषयी मला नितांत आदर वाटतो. तिच्या बोधचिन्हावर गरुड असून, सर्व निद्रिस्त असता जो जागा राहतो त्याचे स्मरण देणारे कठोपनिषदातले वचन तेथे अंकित आहे. त्याचा अर्थ ऐकून आईला प्रथम माझ्या झोपेचीच चिंता लागली, आणि ती पुढे यथार्थ ठरली.

अर्जातील एकही विधान अर्जदाराच्या शब्दाखातर मान्य होत नसे. मी जन्मलो आहे हे सिद्ध करण्यास माझे समक्ष उभे राहणे अपुरे होते. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला, आणि दाखल्याची नक्कल खरी आहे असा दुसऱ्या कोणाचा तरी शेरा हवा. छायाचित्रातला इसम मीच, हे सांगण्याचा अधिकार मला नव्हता, प्रत्यक्ष जन्मदात्रीलाही नव्हता. तो होता राजपत्रित अधिकाऱ्याला, ज्याने त्या दिवसापूर्वी माझे तोंडही पाहिलेले नसे. शिरस्तेदारांच्या ओळखीतले असे एकमेव गृहस्थ पशुवैद्यकीय अधिकारी होते. एका म्हशीला लस टोचून झाल्यावर त्यांनी हात धुतले, छायाचित्राकडे व मग माझ्याकडे रोगनिदानाच्या गंभीर दृष्टीने पाहिले, आणि माझ्या अस्तित्वावर सरकारी शिक्का उमटविला. म्हशीकडून मात्र कोणताही दाखला मागण्यात आला नाही.

उरला प्रश्न आर्टिकलशिपचा. पूर्वी उमेदवारच सीएला प्रीमियम देऊन शिकत असत; माझ्या वेळेपर्यंत हा ओघ उलटून विद्यावेतन मिळू लागले होते, पण ते घरी सांगण्याजोगे नव्हते. फोर्टातल्या एका जुन्या कचेरीत मला मुलाखतीस बोलावले. साहेबांनी गुणपत्रिका बाजूस सारून विचारले, “कशाने आलास?”

“बसने, सर.”

“तिकीट?”

“उतरताना टाकलं.”

“मग आलास कशावरून?”

या एका प्रश्नाने अर्जाच्या सर्व छळामागील तत्त्वज्ञान मला उमगले. ज्याला उद्या लोकांच्या खर्चावर अविश्वास दाखवायचा आहे, त्याची आधी स्वतःच्या जन्मापासून रुजवात घेतली जावी, हे न्याय्यच म्हणावे लागेल. साहेबांनी मला ठेवून घेतले. स्टॅम्पपेपरावर करारनामा झाला आणि तो विहित तीस दिवसांच्या मुदतीत संस्थेकडे रवाना झाला.

पुढे प्रत्येक विषयात किमान ४० आणि एकूण ५० टक्के गुण मिळवावे लागतात, ही बाब त्या मानाने किरकोळ. या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांस माझी एवढीच विनंती आहे की, त्यांनी प्रथम एखाद्या पशुवैद्याशी स्नेह जोडावा. गुणांचे मागाहून पाहता येईल.